टाकीच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे

जगात मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या मुख्य कंपन्या दोन. एक अमेरिकेतली, एक युरोपातली. त्यांची नावं मी इथे घेणार नाही, कारण नाव घेतलं की भांडण सुरू होतं आणि मला आज भांडायचं नाही, सांगायचं आहे. ज्यांना विमानांचं वेड नाही त्यांना या दोघांच्या विमानांत काही फरक दिसत नाही. दोघांना पंख, दोघांना शेपूट, दोघांत मिळणारा उपमा सारखाच गिळगिळीत. त्यांचंही बरोबर आहे. पण चेन्नईत पल्लावरमच्या एका गच्चीवर जाऊन हे बोलून दाखवलंत तर तुम्हाला कॉफी मिळणार नाही.

ती गच्ची रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डची. आम्ही सगळे त्यांना 'गार्ड सार' म्हणतो. घर धावपट्टीच्या टोकापासून जवळ. वारा समुद्राकडून वाहत असला की उतरणारी विमानं बरोबर डोक्यावरून जातात, इतक्या खालून की पोटावरची अक्षरं वाचता येतात. गच्चीच्या मधोमध पाण्याची काळी टाकी आहे. टाकीच्या पूर्वेला अमेरिकावाले उभे राहतात, पश्चिमेला युरोपवाले. दर रविवारी सकाळी हे असंच चालतं. कोणी कोणाच्या बाजूला उभं राहत नाही, अगदी ऊन टाळण्यासाठीसुद्धा नाही.

एकमेकांना चिडवायच्या रीती ठरलेल्या. अमेरिकेच्या छोट्या विमानाची इंजिनं खालून चपटी आणि वरून फुगीर असतात, म्हणून आम्ही पश्चिमवाले त्याला इडली म्हणायचो. युरोपचं छोटं विमान जमिनीवर उभं असताना त्याच्या पोटातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. विमानात बसलेल्या पुष्कळांनी तो ऐकला असेल आणि घाबरून शेजाऱ्याकडे बघितलं असेल. काही बिघडलेलं नसतं, त्याचा स्वभावच तो. पण तेवढ्यावरून ते विमान डोक्यावर आलं की पूर्वेकडची पेन्शन घेणारी, नातवंडं असलेली माणसं एका सुरात भुंकायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं. तो सगळ्यांत जोरात भुंकत होता.

घरात मी त्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो' म्हणते आहे. कागदावर एवढी सूट मी घेते.

मी सोलापूरची. नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि इथल्याच मराठी माणसाशी लग्न झालं. हा तंजावरकडचा. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहिलेली ही मराठी घरं. लग्न ठरलं तेव्हा त्याचं बोलणं ऐकून मला वाटलं, हा माणूस बखरीतून उठून आला आहे. 'तें', 'हें', 'कसें' आणि मधूनच तमिळ. हळूहळू मला ते गोड वाटायला लागलं. विमानांचं वेड मात्र त्याने लपवलं नाही. त्याच्या पोटात काही राहतच नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने मला गच्चीवर नेलं, सगळ्यांशी ओळख करून दिली आणि मला न विचारता टाकीच्या पूर्वेला माझ्यासाठी खुर्ची मांडली.

मी खुर्ची उचलली आणि पश्चिमेला जाऊन बसले.

तेव्हा मला दोन्ही विमानांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. कोणाचं नाक टोकदार, कोणाचं गोल, हेसुद्धा मागाहून शिकले. आधी पक्ष, मग त्याची कारणं. बहुतेक सगळ्या निष्ठांचं असंच असतं असं माझं मत आहे, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपल्या घरात जरा चौकशी करावी. पण एकदा बसले ती बसलेच. पश्चिमेला एक भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई होत्या, त्या माझ्या जिवाभावाच्या झाल्या. त्यांनी मला तमिळ शिकवलं आणि वत्तकुळंबु, म्हणजे तिकडची चिंचेची दाट आमटी, करायला शिकवलं. युरोपचं मोठं विमान पहिल्यांदा चेन्नईत उतरलं त्या दिवशी आम्ही दोघींनी कचेरीला आणि कॉलेजला दांडी मारली. वैमानिकाच्या खिडक्यांभोवती काळा पट्टा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. मी टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "चष्मा घातलेली म्हैस." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही आणि मला त्याचा मुळीच पश्चात्ताप नाही.

अशी आमची वर्षं मजेत चालली होती. सोमवार ते शनिवार नवरा-बायको, रविवारी सकाळी प्रतिपक्ष.

त्याची नोकरी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात. मोटारींच्या इंजिनांचे व्हॉल्व्ह बनवतात. हा तपासणी विभागात. पहाटे गिंडीला कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी बोटांना तेलाचा वास घेऊन यायचं. कामात फार कडक. मालावर त्याने नापास शिक्का मारला की मॅनेजर स्वतः आला तरी हा तो मागे घेत नसे.

पण विजेच्या मोटारी वाढत चालल्या आणि विजेच्या मोटारीला व्हॉल्व्ह लागत नाही. कारखान्यातली एकेक यंत्रं बंद पडायला लागली. पोंगलपर्यंत जुना विभाग गुंडाळणार, असं उघडच सांगितलं गेलं. त्याच सुमारास कंपनीला नवं काम मिळालं, विमानाच्या दाराच्या बिजागरीतले भाग बनवायचं. त्यासाठी वेगळी शेड, नवी यंत्रं, आणि तपासणीचा मुख्य म्हणून पहिलं नाव याचं. जुन्या विभागातल्या बाकीच्यांसाठी घरी बसण्याची योजना होती. म्हणजे याच्यापुढे दोनच वाटा होत्या, नवी शेड नाहीतर घर.

हा नाही म्हणून आला.

संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. हा दारातच उभा राहिला, लढाई जिंकून आल्यासारखा. म्हणाला, "तें काम मी घेत नाही म्हणून सांगून आलों."

"का?"

"तें दार कोणाचें माहीत आहे? तुझ्या खेळण्याचें."

युरोपचं विमान. माझं. माझ्या हातातलं लाटणं तिथेच थांबलं. आधी मला हसू आलं, कारण वाटलं हा थट्टा करतो आहे. मग त्याचा चेहरा बघितला.

मी बोलायला सुरुवात केली. पन्नाशी उलटलेली आहे, दुसरीकडे कोण घेणार आहे. विमानाच्या कामाची आयुष्यभर हौस होती ते काम दारात चालून आलं आहे. नाकापेक्षा मोती जड झाला तर मोती काढून ठेवतात, नाक कापत नाहीत. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, "तूं त्यांच्या बाजूची. तूं हेंच सांगणार."

इतकी वर्षं मी त्या विमानाचं कौतुक करून त्याचे कान किटवले होते. आता मी 'ते काम घ्या' म्हटलं की त्याला त्यात नवऱ्याची काळजी दिसत नव्हती, टाकीची पश्चिम बाजू दिसत होती. बायकोचा सल्ला म्हणजे विरोधी पक्षाचा प्रचार. असली अडचण जगात दुसऱ्या कुठल्या घरात आली असेल असं मला वाटत नाही.

मॅनेजर भला माणूस. त्याला वाटलं हा संकोचाने नको म्हणतो आहे. त्याने आठवडाभर विचार करायला सांगितलं.

त्या रविवारी गच्चीवर बातमी पोचलेली होती. नवऱ्यानेच सांगितली, दुसरं कोण सांगणार? पूर्वेकडे नुसता उत्सव. गार्ड सारनी खालून मेदुवडे करवून आणले. कोणी म्हणालं, असा निष्ठावंत पुन्हा होणे नाही. कोणी त्याच्या पाठीवर थाप मारली. एकाने तर खिशातला पांढरा रुमाल शालीसारखा त्याच्या खांद्यावर टाकला. आणि हा, नमस्कार करत, हसत, वड्यांची चटणी बोटांना लागलेली, उभा.

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. या सगळ्यांना दर महिन्याला पेन्शन येते. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला काय लागतं? आणि यातला एकही माणूस वाईट नव्हता, हेच अवघड होतं. गार्ड सार त्याच्यावर भावासारखी माया करतात. पण कामाशिवाय हा माणूस कसा होईल ते त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. एकदा पाय मोडून महिनाभर घरी होता तेव्हा त्याने घरातले सगळे चमचे लांबीनुसार लावून ठेवले होते आणि संध्याकाळी खिडकीत बसून कंपनीच्या बसच्या वेळेला गप्प व्हायचा. मला तो खिडकीतला माणूस पुन्हा नको होता.

गच्चीवर एक जुना नियम आहे. पक्ष बदलता येतो, पण आयुष्यात एकदाच. बदलणाऱ्याने नव्या पक्षाचं विमान डोक्यावरून जात असताना टाकी ओलांडायची आणि त्या विमानाची एक स्तुती करायची. स्तुती खरी हवी. उगाच 'छान आहे' म्हटलेलं चालत नाही. दोन्हीकडचे लोक ती तपासतात. आमच्यासमोर कोणी तसं केलेलं नव्हतं.

मी पेला खाली ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "मी पलीकडे येते आहे."

आधी कोणाला कळलंच नाही. मग गार्ड सारच्या हातातला वडा तसाच राहिला. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, नीट विचार केला आहेस का, परत जाता येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. प्राध्यापक बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "नीयुमा?" तूसुद्धा? ते मला फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला जे जे दिलं ते सगळं त्या एका शब्दाने आठवलं. पण मी मागे बघितलं नाही.

आता अमेरिकेचं विमान यायला हवं होतं, आणि ते येईना. आमच्या आकाशात हल्ली युरोपची विमानंच जास्त. एक आलं, युरोपचं. दुसरं आलं, युरोपचं. तिसरंही तेच. मी टाकीला हात लावून उभी, आणि माझी लाडकी विमानं एकामागून एक डोक्यावरून जात होती, जणू मला परत बोलावत होती. नवरा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "अगो, पोदुम. पुरे झालें. खालीं चल."

"तुमच्या बाजूचं विमान येईपर्यंत मी हलणार नाही," मी म्हटलं.

शेवटी दूर अनकापुत्तूरच्या बाजूला एक टोकदार नाक दिसलं. खालून चपटी इंजिनं. मी टाकीला वळसा घातला आणि विमान डोक्यावर आलं तेव्हा ओरडून सांगितलं, मराठीतच, कारण मनातलं खरं बोलायचं असलं की मला मराठीच सुचतं. म्हटलं, "हे विमान उडाल्यावर चाकं पोटात घेतं, पण त्यांच्यावर झाकण घालत नाही. खालून कोणीही बघावं, चाकं दिसतात. याच्याकडे लपवालपवी नाही. मला असली माणसं आवडतात. मी अशाच एका माणसाशी लग्न केलं आहे."

नवऱ्याने त्याचं तमिळ करून सांगायला हवं होतं, पण त्याने विमान गेलं तिकडे तोंड फिरवलं. शेवटी प्राध्यापक बाईच म्हणाल्या, "चाकांचं खरं आहे." त्यांना तेवढं मराठी माझ्यामुळे येतं. मग गार्ड सारनी माझ्यासाठी पूर्वेला खुर्ची सरकवली आणि मी बसले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. मैलापूरला आलो तेव्हा मार्गळी महिन्यातले गाण्याच्या मैफलींचे दिवस असल्यामुळे गानसभांच्या बाहेर गर्दी होती. घरी आल्यावर त्याने पंखा लावला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आतां सांग."

मी सांगितलं. "आता मी तुमच्याच बाजूची आहे. त्या विमानाचं मला काही घेणं-देणं नाही. ते उडो नाहीतर न उडो. आता मी सांगते ते बायको म्हणून ऐका. तुम्ही घरी बसलात तर तुम्ही हळूहळू संपाल आणि ते मला बघवणार नाही. काम घ्या."

"इतकें?" त्याने विचारलं.

"इतकं."

"सरी," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरला होकार दिला.

नवी शेड म्हणजे वेगळीच दुनिया निघाली. तिथे टोपी घालून जायचं, वेगळे बूट घालायचे. एखादा भाग हातातून जमिनीवर पडला तर त्याला चरा उमटलेला नसला तरी तो बाद. प्रत्येक तुकड्यावर नंबर कोरलेला, आणि त्या नंबरावरून तो कोणी तपासला ते वर्षानुवर्षं सापडतं. पहिले काही महिने तो घरी येऊन धड जेवत नव्हता. मी विचारलं, काम जड जातं का? तेव्हा तो जे बोलला ते मी विसरणार नाही. "आजवर मोटारीचे व्हॉल्व्ह पाहिले. व्हॉल्व्ह बिघडला तर मोटार रस्त्याच्या कडेला थांबते. हें कडेला कुठें थांबणार?"

मी म्हटलं, म्हणूनच तुम्हाला ठेवलंय तिथे. तो हसला आणि त्यानंतर जेवायला लागला. काम त्याला मानवलं. पुन्हा पहाटेची बस, पुन्हा तो ताठपणा. तेलाचा वास तेवढा गेला.

रविवारी मात्र आम्ही जातच होतो. आता दोघंही पूर्वेला. मला पूर्वेकडची सवय व्हायला वेळ लागला. इडलीला इडली म्हणता येत नव्हतं, माझ्या जुन्या लाडक्या विमानांवर भुंकणं मला काही केल्या जमलं नाही. प्राध्यापक बाईंनी पहिले काही रविवार मला टाळलं, मग एक दिवस टाकीवरूनच कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला. नवऱ्याच्या नव्या कामाबद्दल पूर्वेकडचे चेष्टा करायचे, तोही हसून घ्यायचा. बाकी सगळं पूर्वीसारखंच चाललं आहे असं वाटत होतं.

मग एक वाऱ्याचा रविवार आला. बंगालच्या उपसागरात कुठेतरी वादळाची तयारी होती, आकाश मळकट, वारा आडवा. उतरणाऱ्या विमानांची नाकं वाकडी दिसत होती. युरोपचं एक विमान ढगातून बाहेर आलं आणि डावा पंख एकदम खाली गेला, मग सावरला, मग पुन्हा गेला. गार्ड सारना ती पर्वणीच होती. त्यांनी हात वर केला आणि पूर्वेकडचे सगळे एका सुरात भुंकायला लागले.

"गप बसा!" नवरा ओरडला. "आंत माणसें आहेत!"

तो मराठीत ओरडला होता, पण गच्चीवर एकही माणूस असा नव्हता ज्याला ते कळलं नाही. भुंकणं थांबलं. गार्ड सार त्याच्याकडे बघत राहिले, हात तसाच अर्धवट वर. विमान आमच्या डोक्यावरून गेलं, पुढे धावपट्टीवर एकदा टेकलं, जरासं उचललं, पुन्हा टेकलं आणि धावत गेलं. नवऱ्याने श्वास सोडला. तोपर्यंत त्याने तो धरून ठेवला होता हे मला तेव्हा कळलं.

पाठोपाठ अमेरिकेचं आलं. तेही तसंच डुलत होतं. पश्चिमेकडून कोणीतरी सवयीने 'इडली' म्हणायला लागलं आणि मधेच थांबलं. मी नवऱ्याकडे बघितलं. ज्याच्यासाठी त्याने अर्धं आयुष्य टाळ्या पिटल्या ते विमान डोक्यावरून जात होतं आणि त्याचे हात कठड्यावर घट्ट होते. त्याची नजर चाकांवर होती. ती जमिनीला लागली तेव्हा पुन्हा तसाच श्वास.

मी ज्या माणसासाठी पक्ष सोडला होता तो आता कुठल्याच पक्षात उरला नव्हता. मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कठड्यावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. दूर ढगात पुढच्या विमानाचे दिवे दिसायला लागले होते. नाकावरून ते कोणाचं आहे हे मला ओळखू आलं. मी त्याला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.